नर्सबाईंची झोप

गल्लीमागच्या मैदानावर स्टेडियम होणार म्हटल्यावर सगळ्यात मोठ्ठा आरडाओरडा कुणी केला असेल, तर तो बहिऱ्या मिस्त्रींनी! बॉयलरच्या कारखान्यात घण मारून मारून त्यांचे कान केव्हाच कामातून गेले होते. कानाशी येऊन ओरडल्याशिवाय काही कळायचं नाही. अशा माणसाला कसला आलाय आवाजाचा त्रास?

पण काळजी त्यांना बायकोची होती. ती रात्रपाळीची नर्स. सकाळी घरी येऊन ती आडवी झाली, की मिस्त्री घरात अनवाणी चालायचे, दारावरच्या घंटीत चिंधी कोंबायचे आणि तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसायचे. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं हेच चाललं होतं. आता मागे भोंगे वाजायला लागले, तर बिचारीच्या डोळ्याला डोळा लागेल का?

मिस्त्रींनी झोपमोडीची लेखी हरकत दिली. महापालिकेच्या साहेबांपुढे त्या हरकतींची सुनावणी होती, तिला बाई पाळी संपवून तशीच आली. हॉलमध्ये नुसता कल्ला! कुणी साहेबांवर ओरडतंय, कुणी सामन्याच्या दिवशी गल्ली सहा तास बंद राहणार म्हणून टेबल बडवतंय. आणि बाई? नवऱ्याच्या खांद्यावर मान टाकून ढाराढूर! चक्क घोरत होती.

"मिस्त्री, तुमची हरकत झोपमोडीची ना?" स्टेडियमचा कंत्राटदार त्यांच्या कानाशी येऊन ओरडला. "मग हे काय?"

हॉल खदाखदा हसला. मिस्त्रींचं तोंड एवढंसं झालं. नऊ वर्षं चिंध्या कोंबल्या त्या काय उगाच? त्यांनी तिची मान अलगद खुर्चीला टेकवली आणि हरकतीचा कागद मागे घ्यायला साहेबांच्या टेबलाकडे निघाले. दोन पावलं गेले असतील नसतील, बाई खाडकन जागी झाली.

"अहो! कुठे चाललात?" तिनं मागून येऊन त्यांच्या कानात विचारलं.

"हरकत मागे घेतो. तुला कुठे आवाजानं जाग येते?"

"आवाजानं नाहीच येत! वॉर्डात काय कमी गोंगाट असतो? तुम्ही जवळून उठलात की येते!" कानात ओरडली, तरी सगळ्या हॉलनं ऐकलं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर बसला असतात का उशाशी?"

बाईनं साहेबांच्या टेबलावरचा कागद ओढला, 'झोपमोड' हे कारण खोडलं आणि खाली लिहिलं, 'गल्ली बंद झाल्यास माझे पती बाहेर अडकतील. मग मला झोप लागणार नाही.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि 'हरकत दाखल' असा शिक्का मारला.