प्लासिदचं सोंग

दुपारपर्यंत एमेरीझनं अकरा सोंगं ओळखली होती आणि आता तिला कुणाचंच तोंड बघायची इच्छा उरली नव्हती, झाकलेलं काय नि उघडं काय. बर्फातून आलेल्या बुटांनी स्वयंपाकघराचा चिखल केला होता. काकवीच्या बिस्किटांचा दुसरा डबाही तळाला गेला होता. पण आज मी-कारेम, ईस्टरआधीच्या उपासांच्या ऐन मध्यावरचा सण. आज दार लावून बसलं तर अख्खं शेतिकाँ गाव वर्षभर नावं ठेवणार. लोक सोंगं घेऊन घरोघर यायचे, श्वास आत ओढून चिरक्या आवाजात बोलायचे. घरच्यांनी नाव ओळखलं की मुखवटा काढायचा, नाही ओळखलं तर ऐटीत पुढच्या घरी. एमेरीझ देव्होच्या नजरेतून गेल्या वीस वर्षांत एकही सोंग सुटलं नव्हतं.

म्हणून तर शेजारची मार्सेलिनकाकू सकाळपासून खिडकीशी ठाण मांडून बसली होती. फुकटची गंमत आणि वर चहा. एमेरीझचा नवरा आन्सेल्म शेगडीजवळ फिडलच्या तारा पिळत होता. मदत म्हणून इकडची काडी तिकडे नाही.

तेवढ्यात दार उघडलं आणि बारावं सोंग आत आलं. डोक्यावर उशीचा अभ्रा, त्याला डोळ्यांपुरती दोन भोकं, अंगात बाईचा हिरवा झगा. आत येताना ते मान वाकवून जरा तिरकं झालं आणि दाराजवळच्या खुर्चीत बसलं.

या दारातून असं वाकून येणारा माणूस एकच होता. तिच्या लग्नाच्या दिवशी याच चौकटीवर त्याचं कपाळ फुटलं होतं. तिचा धाकटा दीर, प्लासिद. झगा त्याच्या बायकोचा, रोझानचा. त्याची किनार एमेरीझनं स्वतःच्या हातानं शिवली होती.

तीन वर्षं तो या घराची पायरी चढला नव्हता. सासऱ्यांनी मरताना "फिडल पोराला द्या" एवढंच म्हटलं आणि डोळे मिटले. कुठल्या पोराला, ते देव जाणे. आन्सेल्म म्हणाला, थोरला मी. प्लासिद म्हणाला, वाजवता मला जास्त येतं. झालं! तेव्हापासून चर्चमध्ये एक भाऊ पहिल्या बाकावर, दुसरा शेवटच्या. समुद्रात होड्या शेजारून गेल्या तरी दोघांच्या माना वळत नसत. आणि या दोन रेड्यांच्या झुंजीत तिची शाळेपासूनची मैत्रीण रोझान हरवली ती हरवलीच.

आता नाव घ्यावं तर मुखवटा निघणार, आणि उघड्या तोंडाचा प्लासिद या घरात क्षणभर टिकणार नाही. अभ्रा डोक्यावर आहे तोवरच तो इथे बसू शकतो. एमेरीझनं धडधडीत खोटं बोलायचं ठरवलं.

"कोण गं बाई तू? फादरांची स्वयंपाकीण?"

सोंगानं नकारार्थी मान हलवली.

"अगं, डोळे फुटले का तुझे?" मार्सेलिनकाकू खिदळली. "ती बाई माझ्या खांद्याला लागते. हे धूड बघ केवढं!"

"मग पोस्टमास्तर."

"त्यांचा पाय मोडलाय ना ख्रिसमसपासून! एमेरीझ, म्हातारी झालीस हो."

एमेरीझनं दात आवळले. वीस वर्षांची अब्रू या मूर्ख माणसांपायी धुळीला मिळत होती.

"ओळखू येत नाही ना? थांब, नाचवतो त्याला," आन्सेल्म म्हणाला आणि त्यानं गज फिडलवर टेकवला.

सोंग नाचलं नाही. बसल्या जागी त्याचे दोन्ही पाय मात्र चालू झाले. टाच, चवडा, टाच, चवडा, घोडा दौडावा तसे, आणि मध्येच एक ठोका चुकवून पुन्हा तालावर. हा चुकवलेला ठोका सासऱ्यांचा. त्यांच्याकडून तो फक्त या दोन पोरांनी उचलला होता.

आन्सेल्मचा गज अडखळला. त्यानं एकदा त्या बुटांकडे पाहिलं, मग नजर खाली घातली आणि वाजवत राहिला. एक धून संपली, दुसरी सुरू झाली.

"अगंबाई," मार्सेलिनकाकू पुढे सरसावली, "हे पाय तर त्या—"

एमेरीझनं तिच्या तोंडात अख्खं बिस्कीट कोंबलं.

धुनेमागून धून झाली. दोघांनाही ठाऊक होतं, दोघांपैकी एकही बोलेना. सोंगापुढे ठेवलेला चहा गार झाला. प्लासिदला तो पिता येईना, श्वास घेताना अभ्रा नाकातोंडाला चिकटत होता. शेवटी एमेरीझचा बांध फुटला.

"प्लासिद, काढ तो अभ्रा! गुदमरून मरशील माझ्या स्वयंपाकघरात! आणि तू रे आन्सेल्म, थांबव ते कोकलणं! इंग्रजांनी आपल्या पूर्वजांची घरं जाळली, माणसं जहाजांत कोंबून दाही दिशांना फेकली, तरी ही गाणी टिकली. आणि तुम्हाला एका लाकडाच्या तुकड्यापायी भाऊ टिकवता येईना!"

प्लासिदनं हळूच अभ्रा काढला. चेहरा लालबुंद, केस घामानं चिकटलेले. आता दोघं गळ्यात पडतील असं वाटून मार्सेलिनकाकूनं रुमालसुद्धा काढला.

प्लासिदनं घसा साफ केला. "दुसरा भाग चुकतोय तुझा. बाबा तिथे वर जायचे."

"बाबा? वर? कान तपासून घे!"

"आण इकडे, दाखवतो."

"हात लावशील तर खबरदार! आधी ऐक, मग शहाणपण शिकव."

"तीन वर्षं तेच चुकीचं वाजवतोयस वाटतं?"

"ऐकायला तू होतास कुठे, गाढवा?"

आवाज चढत गेले. प्लासिदनं खुर्ची पुढे ओढली, आन्सेल्म तोच तुकडा पुन्हा वाजवून दाखवू लागला. चौथ्यांदा ऐकल्यावर प्लासिदनं फिडल त्याच्या हातातून सरळ काढून घेतलं आणि आन्सेल्मनं ते घेऊ दिलं, शिव्या देत का होईना.

एमेरीझ बघत राहिली. या तमाशासाठी आपण वीस वर्षांचं नाव घालवलं! तिनं कोट अंगात घातला.

"कुठे निघालीस?" आन्सेल्मनं विचारलं. "प्लासिद जेवून जाईल. मासा उकडायला ठेव."

"दोघांना चार हात आहेत. तुम्हीच ठेवा."

बाहेर डोंगरावरून सुएत वारा सुटला होता, माणसाला उडवून नेईल असा. कुंपणाला धरत धरत ती टेकडीखालच्या घरापर्यंत पोचली. रोझाननं दार उघडलं. तिच्या हातांना पीठ होतं आणि डोळे भीतीनं मोठे झाले होते.

"हाकलून दिलं त्याला?"

"कसलं हाकलून! भांडतायत दोघं. रात्रीपर्यंत संपत नाही बघ."

"तोंडानं भांडतायत?"

"तोंडानं."

रोझान हात पुसत खुर्चीत बसली. "आठवडाभर समजावत होते गं त्याला. झगा घालायला लाजत होता मेला. भावाकडे जायची नाही, झग्याची लाज!"

"आधी चहा टाक," एमेरीझ बूट काढत म्हणाली. "सकाळपासून मला कुणी एक कप विचारलेला नाही."

रोझाननं किटली चढवली. तीन वर्षांचं बोलायचं राहिलं होतं. सुरुवात तिनं नवऱ्यापासूनच केली.