अंगठा जुळत नाही

मी एक जुनं अंगठ्याचं मशीन आहे, मित्रांनो. साबणाच्या वडीएवढं माझं अंग, वर बोट ठेवायला इवलीशी काच आणि मागे एक वायर. कागदोपत्री माझं नाव भलतंच लांबलचक आहे, पण जुन्नरला ते कोणी घेत नाही.

कारखान्यातून मी आधी एका खेड्यातल्या रेशन दुकानात गेलो. मग दादाभाऊंनी मला जुन्नरच्या त्यांच्या सेवा केंद्रात आणलं. बोट जुळलं की हिरवा दिवा, नाही जुळलं की लाल. माझ्यापुढे वशिला चालत नसे, याचा मला भारी तोरा होता. दादाभाऊही कौतुकाने सांगत, की हे मशीन कुणाच्या बापाला भीत नाही.

एके दिवशी गाद्या-रजया करणारे वजीरभाई, त्यांची बायको नसीम आणि मुलगी अफिफा आले. अफिफाचा पुण्याला इलेक्ट्रॉनिक्सला नंबर लागला होता. त्यांच्या नात्यागोत्यात अजून कोणी मुलगी इंजिनिअर झाली नव्हती. अल्पसंख्याक मुलामुलींनी विज्ञान आणि अभियांत्रिकीकडे यावं म्हणून विद्यापीठाने ठेवलेली शिष्यवृत्ती मिळाली तर पुणे, नाही तर इथेच बी.ए., असं घरात ठरलं होतं. त्या दिवशी अर्जाची मुदत संपत होती. सगळं भरून झालं होतं, फक्त अंगठा उरला होता.

तिने अंगठा ठेवला. मी लाल झालो. तिने हात धुतले, पुसले, पुन्हा ठेवला. मी पुन्हा लाल. सातवीपासून रजया शिवून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. दादाभाऊ तरी काय करणार?

"राहू दे, बेटा," वजीरभाई म्हणाले. "हितलं कॉलेज काय वाईट न्हाई."

नसीम आपल्याच बोटांकडे बघत होती. "सुई मीच दिली तिच्या हातात," एवढंच ती बोलली.

अफिफा रडली नाही. तिने मला उचललं आणि मोबाईलची बॅटरी माझ्या काचेवर मारली. काचेवर मळाचं किटण चढलं होतं. वडिलांच्या सदऱ्याला कायम कापूस चिकटलेला असतो, त्यातला बोंडभर घेऊन तिने मला पुसलं. मग तिने विचारलं,

"दादाभाऊ, आधार काढताना धाही बोटं घेतली व्हती ना? मग अंगठाच कशापायी?"

दादाभाऊ जरा गडबडले. "अंगठ्याचं मशीन हाय म्हणून," ते म्हणाले.

तिने डाव्या हाताची करंगळी ठेवली. सुईकामात त्या बोटाला कधी राबावं लागलं नव्हतं. मी हिरवा झालो. वजीरभाईंनी लगेच दादाभाऊंना अर्ज पाठवायला लावला.

मला मात्र लाज वाटली, मित्रांनो. त्या रेशन दुकानात साळुबाई नावाची म्हातारी यायची. खुरपणीने तिचा अंगठा गुळगुळीत झालेला. मी तिला कितीदा रिकाम्या पिशवीने परत पाठवलं. "मशीन थोडंच खोटं बोलंल, राव," म्हणत ती निमूट निघून जायची. तिची बाकीची बोटं कुणी ठेवून बघितली नाहीत, आणि माझी काचही कुणी पुसली नाही. मी आपला सगळा दोष तिच्या हातांना देऊन मोकळा झालो होतो.

अफिफाला शिष्यवृत्ती मिळाली. पुढे नवं मशीन आलं आणि मी खणात जाऊन पडलो. दोन वर्षं कुणी विचारलं नाही. या दिवाळीच्या सुट्टीत ती आली आणि तिने मला मागून घेतलं. भंगार कशाला नेतेस, असं दादाभाऊंनी विचारलं, तर म्हणाली, "उघडून बघायचंय. नाय म्हणतं, ते कशामुळं म्हणतं."

आता तिच्या टेबलावर माझे सगळे भाग सुटे मांडलेले आहेत. मला त्याचं दुःख नाही. तुम्ही मात्र माझ्या भावंडांच्या काचा पुसत जा. लाल दिवा लागला म्हणून समोरच्या माणसाला लगेच माघारी धाडू नका, दुसरं बोट ठेवायला सांगा.

शेजारीच तिची वही उघडी आहे. माझ्यावरच्या टिपणाची पहिली ओळ मला इथून दिसते: 'दोष माणसाच्या बोटात आहे, असं आधी धरायचं नाही.'