तारेआतला हौद

मी हौद बोलतोय. गुरांना पाणी पाजणारा, सिमेंटचा. नमस्कार-चमत्कार राहू द्या, माझं डोकं फिरलेलं आहे.

मारेगावपासून थोडं आत, तांड्याला लागून ई-क्लासची जमीन आहे, म्हणजे सरकारी चराई. तिथं हापशीशेजारी तांड्यातल्या बायामाणसांनी रेती वाहून मला बांधलं. रोज एका घराची पाळी. ज्याची पाळी, त्यानं हापशी मारून मला काठोकाठ भरायचं. कुणी पाळी चुकवली की जमनी त्याच्या दारात उभी राहून सात पिढ्या काढायची. तिची एकच गाय, काबरी. पण तोरा असा की जणू गोठाभर गुरं आहेत.

दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो. म्हातारीकोतारी घरच्या घरी गुरांना पाणी दाखवतात. मी कोरडा पडतो, अंगात पळसाची पानं साचतात. नेमके तेव्हाच मोजणीवाले आले. देशाला पुढं किती वीज लागेल याचा हिशोब म्हणे वर झाला होता आणि त्यात आमची चराई बसत होती. एकानं माझ्यात डोकावलं आणि कागदावर लिहिलं, 'जमीन पडीक. हौद वापरात नाही.' अरे शहाण्या, वापरणारे कुठं गेले, एवढं तरी विचारायचं!

त्याच महिन्यात ग्रामसभा झाली. सरपंच रामरावनं चराई सोलरला द्यायचा ठराव मांडला, गाववाल्यांनी हात वर केले. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

तांडा परतला तेव्हा चराईला तार ओढून झाली होती. काबरी सवयीनं पाण्याला आली आणि तारेला नाक लावून हंबरू लागली. रामराव गेटापाशीच उभा होता. जमनीनं त्याला गाठलं.

"आमी तोडीवर गेलतो, हे तुमाले मालूम होतं का नाई, भाऊ?"



"मालूम होतं," तो म्हणाला. "पन माह्या कपिलले रातच्या ओलितावर साप चावला. आमाले दिवसाची लाईन पाह्यजे होती. तुमी असते तं ठराव झाला नसता."

पोराचा पाय अजून सुजलेला, हे मलाही ठाऊक आहे. पण म्हणून त्याला माफ करायचं? मी नाही करत.

वर्षभरात सोलरच्या प्लेटा उभ्या राहिल्या. खोटं कशाला बोलू, रामरावच्या शिवाराला दिवसा वीज आली. पण प्लेटांवर धूळ बसली की वीज घटते, म्हणून त्या धुवाव्या लागतात. पाणी कुणाचं? माझं. धुवायला कोण? जमनी. चराई गेल्यावर ती तरी काय करणार होती?

गुरं आता ओढ्यावर जायची, उन्हाळ्यात तोही आटला. जमनी आत प्लेटा पुसायची आणि बाहेर काबरी तारेपाशी उभी. एकदा जमनीनं बादली तारेखालून सरकवली. चौकीदारानं लाथेनं उलटवली. पाणी प्लेटांचं आहे म्हणाला, पुन्हा दिसलं तर कामावरून काढीन. जमनी त्या दिवशी कुणाला शिवीसुद्धा देऊ शकली नाही. मला तिची नाही, त्या लाथेची लाज वाटली.

परवा रामराव आला. ग्रामसभेत नवा ठराव करून घेतला होता म्हणे, सकाळ-संध्याकाळ गुरांसाठी गेट उघडायचं. वरातीमागून घोडं!

"जमनाबाई, उद्यापासून गाय आनत जा," तो हळूच म्हणाला.

जमनीनं फडकं पिळलं.

"गाय गेल्या शुक्करवारी पांढरकवड्याच्या बाजारात इकली, भाऊ. तारेपासून हटतच नोती. मले पाहवत नोतं." आणि ती पुढची प्लेट पुसू लागली. तांड्यातल्या बाकीच्यांनी तर आपली गुरं आधीच विकली होती.

लेकहो, सूर्य कुणाच्या बापाचा नाही. त्याची हवी तेवढी वीज करा. पण जमीन कागदावर घेण्याआधी तिच्यावर जगणारं माणूस घरी येईपर्यंत थांबा. एवढंच मागतो, दुसरं काही नको.

आज मी काठोकाठ भरलेला आहे. गेट सताड उघडं आहे. प्यायला कोणी येत नाही.