टाकीवरचा डाग

चेअरमननी सोसायटीच्या ग्रुपवर धूमकेतूची बातमी टाकली आणि खाली लिहिलं, ‘कुणीतरी चांगला फोटो काढा, ऑफिसात लावू.’ त्यावर तेवीस अंगठे आले आणि सतरा जणांनी आपापले मोबाइल चार्जिंगला लावले. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओच्या मालकानं हे वाचून माळ्यावरचा स्टँड खाली काढला.

गेली अठ्ठावीस वर्षं तो दोन्ही कान दिसतील असे माणसांचे फोटो काढत आला होता. अख्खी वस्ती त्याला ‘पासपोर्ट’ म्हणायची, तोंडावर ‘पासपोर्टसाहेब’. फोटोग्राफर म्हणून आजवर त्याला कुणी हाक मारली नव्हती, आणि डोळे मिटायच्या आत ती हाक त्याला ऐकायची होती. ऑफिसातल्या त्या भिंतीवर एकदा फ्रेम चढली की कुणाची टाप होती पासपोर्ट म्हणायची!

“मोबाइलनं धूमकेतू काढणार म्हणे,” तो बायकोला म्हणाला. “चमच्यानं विहीर उपसा म्हणावं.”

दुकानाच्या काचेवर त्यानं पाटीच लावली होती : ‘मोबाइलवरचे फोटो प्रिंट करून मिळणार नाहीत. कारण विचारू नये.’

सूर्य बुडाल्यावर जेमतेम अर्धा तास धूमकेतू पश्चिमेला दिसणार होता. गच्चीवर जत्रा जमली होती. निम्मे लोक पूर्वेकडे तोंड करून उभे होते. एक निवृत्त बँकवाले मोबाइल टॉवरवरचा लाल दिवा नातवंडांना दाखवून ‘नीट बघा, पुन्हा जन्मात दिसणार नाही’ असं सांगत होते. नातवंडं बिचारी नीट बघत होती. कुणीतरी धूमकेतूला फ्लॅश मारला. पासपोर्टनं या सगळ्यांकडे पाठ करून स्टँड रोवला आणि चार मिनिटांत चौदा फोटो घेतले.

“अहो, तो बघा,” बायको म्हणाली. “पलीकडच्या पाण्याच्या टाकीच्या जरा वर.”

“कुठाय?”

“ते काय, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं.”

“त्याला शेपूट कुठाय?”

“आहे की. वरच्या अंगाला. पुसट आहे.”

“अगं, शेपूट अशी असते होय? कुणीतरी कचरा पेटवलाय, त्याचा धूर तो.”

तिनं तरीही आपल्या मोबाइलवर एक फोटो काढला आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं नाक मुरडलं. “आधी लेन्स पुसत जा पदरानं.”

दुकानात येऊन त्यानं फोटो कॉम्प्युटरवर घेतले. आधी डाग, मग बाकीचं, हा त्याचा नियम. तीळ, मुरूम, देवीचे व्रण, बारशापासून जपलेली जन्मखूण, असं बरंच काही त्यानं वस्तीच्या तोंडांवरून विनामूल्य उतरवलं होतं. इथे चौदाच्या चौदा फोटोंत टाकीच्या वर एकाच जागी एकच पांढुरका डाग होता. शिकाऊ पोरानंही सांगितलं असतं की एकाच जागी डाग म्हणजे कॅमेऱ्याच्या आत धूळ. धूर असता तर हलला नसता का? बायकोच्या मोबाइलातही तोच डाग होता, पण मोबाइलला पुरावा मानणाऱ्यातला तो नव्हता. त्यानं चौदाही फोटोंतून एका दमात तो काढला. डाग चिवट निघाला, तीन वेळा ब्रश फिरवावा लागला. मग सकाळी शाळेची ओळखपत्रं होती म्हणून कॅमेऱ्यातलं कार्ड मूळ फोटोंसकट रिकामं केलं, आणि त्यानंतर निवांतपणे, डोळ्यांत तेल घालून, तो धूमकेतू शोधायला बसला.

सापडला नाही. ‘आलाच नसणार,’ असा निर्णय देऊन तो घरी जाऊन घोरला.

सकाळी बायकोनं चहाशेजारी वर्तमानपत्र ठेवलं. पहिल्या पानावर फोटो होता. ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं काहीतरी, आणि वाचकांची कुवत ओळखून संपादकांनी त्याला बाण दाखवला होता. आजपासून धूमकेतू दिसणार नाही, असंही खाली छापलं होतं. चहावर साय धरली तरी पासपोर्ट त्या बाणाकडेच बघत होता.

“माझ्या मोबाइलात आहे,” बायको म्हणाली. “टाकीसकट. घ्या हवा तर.”

मोबाइल साखरेच्या डब्याला टेकून उभा होता. हात लांब केला असता तर पुरला असता.

“दुकानावर पाटी काय आहे?”

“तुम्हीच लावलीय ना?”

“म्हणूनच.”

तेवढ्यात चेअरमनचा फोन आला. “साहेब, तुमच्या फोटोसाठी ऑफिसात खिळा ठोकलाय बरं का.”

संध्याकाळी दोन बाय तीन फुटांची फ्रेम खिळ्यावर चढली. खाली टाकी, वर निखळ, नितळ, जांभळट आभाळ. एवढं स्वच्छ आभाळ त्या वस्तीवर कधीच नव्हतं. जमलेल्या तीसेक माणसांनी चष्मे पुसून पुन्हा पाहिलं.

“यात तो... नेमका?” बँकवाल्यांनी विचारलं.

खरं सांगायला ती एक जागा होती. पासपोर्टनं घसा साफ केला, आणि टाकीच्या जरा वर, अगदी नेमक्या जागी, बोट ठेवलं. “हा. जरा तिरकं बघावं लागतं. सरावाची नजर लागते.”

तीसच्या तीस माना कलल्या.

“अरे हो!”

“आला आला! शेपटीसकट!”

“मला तर मघाशीच दिसला होता, म्हटलं आधी कुणीतरी बोलू दे.”

“उगाच नाही म्हणत, फोटोग्राफर तो फोटोग्राफर!” चेअरमन म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

हाक ऐकू आली. अठ्ठावीस वर्षांनी आली, आणि टॉवरच्या दिव्याला धूमकेतू म्हणणाऱ्यांकडून आली. तो छाती फुगवून उभा राहिला, कारण आता दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

“वहिनी, तुम्हाला दिसला ना?” कुणीतरी विचारलं.

ती मागे दारापाशी उभी होती, मान सरळ. मोबाइल तिच्या हातात होता. पासपोर्ट फ्रेमची कड सरळ करायला वळला.

“मला कालच दिसला,” ती म्हणाली. “यांना दाखवलासुद्धा मीच.”

“वा! म्हणजे शोध वहिनींचा आणि कला साहेबांची!” चेअरमननी पुन्हा टाळ्या सुरू केल्या. त्या ओसरायच्या आत ती निघून गेली होती. फोटोग्राफर मात्र थांबला. लोक अजून रांगेनं येऊन तिरकं बघत होते आणि नक्की कुठून बघायचं, ते दर वेळी त्यालाच दाखवावं लागत होतं.