हॅशमागची ओळ

आमच्या ह्यांना बसस्टँडवर सगळे भोंगा म्हणायचे, तेही तोंडावर. गाड्या सुटायच्या घोषणा करणं हे तेव्हा ह्यांचं काम. माइक बंद पडला तरी शेवटच्या फलाटावरचा माणूस पिशव्या सावरत धावत यायचा, असा आवाज. ही गोष्ट ह्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची. घशातली गाठ काढताना स्वरयंत्रही काढावं लागणार, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. जीव वाचेल, आवाज जाईल.

हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्टनं एक वाट दाखवली होती. एक प्रोग्राम असतो. ऑपरेशनआधी त्याच्यासमोर ठरावीक वाक्यं वाचायची, तो घोगरेपणा गाळून आवाज शिकून घेतो. नंतर आपण जे टाइप करू ते तो आपल्याच आवाजात बोलतो. प्रोग्राम फुकट आणि लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरतात त्या प्रणालीवर, चालणारा. आमच्या घरचा कॉम्प्युटर लिनक्सचा, कारण मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची इन्चार्ज. आयुष्य गेलं माझं दुसऱ्यांच्या यंत्रांचे नखरे झेलण्यात, तेव्हा स्वतःच्या घरात हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं होतं.

संध्याकाळी भरती व्हायचं होतं. त्याच्या आत वाक्यं वाचून व्हायला हवी होती. नंतर वाचायचं कशानं?

लिनक्सवर प्रोग्राम रिपॉझिटरीतून येतो. रिपॉझिटरी म्हणजे कुठेतरी लांबच्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं भांडार. आपण वस्तूचं नाव सांगायचं, आपलं यंत्र तिकडे जाऊन ती घेऊन येतं. या प्रोग्रामचं भांडार एकच आणि वेगळं होतं. रविवारी मी ते जोडलं, तेव्हा आमच्या नेटवाल्याच्या कृपेनं भांडाराचं नाव काही केल्या ओळखलंच जाईना. मग मी होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली. ही फाइल म्हणजे यंत्राची खाजगी डायरीच म्हणा: अमक्या नावाचा पत्ता हा, बाहेर कुणाला विचारत बसू नकोस. लगेच भांडार उघडलं. छोट्या गोष्टी उतरवल्या, मोठी नंतर सावकाश उतरवू म्हणून ठेवली. हे शेजारीच बसून बघत होते. ‘इन्चार्जबाई, हे काय केलंत?’ असं दर मिनिटाला विचारत होते. मीही सांगत होते. मला शिकवायची खोडच आहे.

आणि आज, ऐन वेळी, जोडणी होईना. हुकूम दिला की यंत्र क्षणभर थांबायचं आणि लाल अक्षरात सांगायचं: जोडणी नाकारली.

“नाकारली म्हणे! तुझ्या बापाचं भांडार आहे का?” मी म्हटलं.

हे पलंगावर बसून हॉस्पिटलच्या पिशवीत कपडे भरत होते. घसा बसलेलाच होता. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“गप्प बसा तुम्ही. आवाज जपा. वाक्यं वाचायची आहेत अजून.”

हे गप्प बसले. एरवी भोंगा एका सांगण्यात गप्प बसेल तर शपथ. पण माझं लक्ष पडद्याकडे होतं.

माझी एक पद्धत आहे आणि लॅबमध्ये ती सगळ्यांना पाठ आहे. आधी तार, मग पत्ता, मग कुलूप, मग नाव. उड्या मारायच्या नाहीत. तार बघितली, ठीक. बाकीच्या वेबसाइट उघडत होत्या, म्हणजे नेटही ठीक. घड्याळ बघितलं, कारण तारीख चुकली तरी ही भांडारं दार उघडत नाहीत. तेही बरोबर. भांडाराची किल्ली बरोबर. मग भांडाराला नावानं हाक मारून बघितली, पिंग म्हणतात त्याला. हाकेला ओ ताबडतोब आली, अगदी शेजारच्या खोलीतून यावी तशी. मी खूश. म्हटलं, चला, नाव ठीक आहे. पुढे.

तिथेच माझं चुकलं, पण ते मागून कळलं.

नेटवाल्यांना फोन लावला. तिकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, राउटर एकदा बंद करून चालू करा.”

“केला.”

“पुन्हा एकदा करून बघा.”

“अरे बाबा, तुझ्या जन्माआधीपासून मी राउटर बंद करून चालू करतेय!”

ह्यांना हसू आलं आणि हसताना खोकला. मी पाण्याचं भांडं पुढे केलं आणि पुन्हा म्हटलं, “गप्प बसा.”

मोबाइलच्या नेटवर कॉम्प्युटर जोडला. तेच, जोडणी नाकारली. म्हणजे नेटवाल्याचा दोष नव्हता, उगीच त्या पोराला झापलं. मग भांडाराचं यंत्रच बंद पडलं असेल का, म्हणून थेरपिस्टला फोन केला. ती म्हणाली, “नाही हो, आत्ताच दुसऱ्या एका पेशंटनं उतरवलं. पण आज झालंच पाहिजे हं. उद्यानंतर काही उपयोग नाही.”

जसं काही मला माहीतच नव्हतं! डोक्यात तिडीक गेली. बारा भानगडी केल्या. यादी रिकामी करून पुन्हा भरली, जुना साठा पुसला, यंत्र बंद करून चालू केलं. उन्हं खिडकीतून सरकून पलंगाच्या पायाशी आली. मध्येच माझ्या नणंदेचा फोन. ती ह्यांची मोठी बहीण, तिला सगळं लगेच कळायला हवं.

“झालं का गं वाचून?”

“अजून उतरलंच नाही.”

“मग साध्या फोनवर रेकॉर्ड करून ठेव ना त्याचं काहीतरी बोलणं! इतकं काय ते यंत्राचं कौतुक?”

“ताई, फोनवर ठेवलेलं तेच तेच बोलेल. मला ह्यांनी नवीन बोललेलं ऐकायचंय,” मी म्हटलं. फोन ठेवून दिला. हे पिशवीची चेन लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

शेवटी मोबाइलवरच भांडाराचा पत्ता टाकला. उघडलं! एका झटक्यात. म्हणजे भांडार जिवंत, नेट जिवंत, आणि दोष या डबड्यात. मी परत हाक मारून बघितली आणि या वेळी ओ कुठून येतेय तो आकडा वाचला.

१२७.०.०.१.

लॅबमधलं कालचं पोरही सांगेल, हा आकडा म्हणजे ‘मी स्वतः’. यंत्र भांडार शोधायला निघत होतं आणि स्वतःच्याच दारावर टकटक करत होतं. दारात भांडार नव्हतंच, म्हणून जोडणी नाकारली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ओ इतक्या लवकर आली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

होस्ट्स फाइल उघडली. ती मी लिहिलेली, म्हणून सकाळपासून बघितलीच नव्हती. माझी रविवारची ओळ होती तशीच होती. फक्त तिच्याआधी हॅशचं चिन्ह होतं. हॅश टाकला की यंत्र ती ओळ वाचत नाही, नुसती ओलांडून जातं. आणि तिच्याखाली नवी ओळ: भांडाराचं नाव, पत्ता १२७.०.०.१.

माझा लॅबमध्ये नियम आहे की कुणाचीही ओळ पुसायची नाही. नको असेल तर आधी हॅश टाका, म्हणजे उद्या गरज पडली तर परत उघडता येते. आणि हॅशनंतर दोन मोकळ्या जागा सोडा, म्हणजे ती मुद्दाम बंद केली हे कळतं. सगळं जग एक जागा सोडतं नाहीतर सोडतच नाही. इथे दोन होत्या. फाइल बदलली होती काल दुपारी, मी कॉलेजात असताना. हॅकर काही माझ्या हाताखाली शिकून गेलेला नव्हता. रविवारी माझ्या शेजारी बसून हॅशपासून या आकड्यापर्यंत सगळं शिकलेला माणूस पलंगावर बसून चेन लावत होता.

मी खुर्ची फिरवली. “अहो, हे तुम्ही केलंत?”

हे मान खाली घालून बसले.

“आता बोला की! सकाळपासून माझा जीव टांगणीला लावलात, आणि कुंपणानंच शेत खाल्लंय! मला सांगायचं होतं ना, नको म्हणून.”

“तू ऐकलं असतंस?” घोगऱ्या आवाजात हे म्हणाले.

मी नसतं ऐकलं.

“तू हसायचीस त्या गोष्टीला,” हे म्हणाले. “स्टँडच्या.”

गोष्ट अशी. स्टँडच्या साहेबांनी एकदा ह्यांना खोलीत बसवून सगळ्या गावांची नावं, फलाट, आकडे बोलून घेतले होते. ह्यांनी हौसेनं बोलून दिले. पुढच्याच महिन्यात माइकच्या खोलीला कुलूप, आणि हे पार्सलच्या खिडकीत. यंत्र ह्यांच्या आवाजात गाड्या सोडायला लागलं. बंद झालेल्या गाड्याही जाहीर करायचं, आणि मग चुकलेले प्रवासी खिडकीशी येऊन ह्यांनाच शिव्या घालायचे. मी पाहुण्यांना ही गोष्ट रंगवून सांगायचे. हेही हसायचे, म्हणजे मला तसं वाटायचं.

“रिटायर होईस्तोवर ऐकलं मी ते,” हे म्हणाले. “मी इथे बसलोय आणि तो तिकडे माझ्या आवाजात खोटं बोलतोय. मी काहीच करू शकत नाही. पुन्हा नको मला तसं. आवाज गेला तर जाऊ दे. गेलेला बरा.”

मला ह्यांचा राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. नुसतं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि हे मला माहीत नव्हतं.

“तिथे बटण साहेबाच्या हातात होतं,” मी म्हटलं. “इथे तुमच्या हातात असेल. तुम्ही टाइप केल्याशिवाय तो एक अक्षर बोलणार नाही.”

“आणि मी गेल्यावर?”

“तुम्ही गेल्यावर मी तुमच्या आवाजात गाड्या सोडणार आहे का इथून?”

हे हसले नाहीत.

“गेल्यावर तो बंद,” मी म्हटलं. “माझा शब्द. पण तुम्ही आहात तोवर मी भांडायचं कुणाशी? पाटीशी? तुम्ही लिहिणार, मी चष्मा शोधणार, तोवर भांडण शिळं होणार. मला नाही जमायचं ते.”

मी उठले आणि खुर्ची ह्यांच्यासाठी मोकळी केली. “ओळ तुम्ही बंद केलीत. उघडायची असेल तर तुम्हीच उघडा. मी हात लावणार नाही.”

आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. घासलेली भांडी पुन्हा घासली. बाहेर काही आवाज नाही. मला वाटलं, संपलं. मग कीबोर्डची एक टक ऐकू आली. बऱ्याच वेळानं दुसरी.

“अगं,” हे म्हणाले, “खालची माझी ओळ पुसू का?”

“पुसायची नाही!”

“मग हॅश टाकतो. दोन जागा सोडून.”

प्रोग्राम उतरला. वाक्यं एकापेक्षा एक येडपट होती. ‘निळी छत्री दाराशी ठेवली आहे.’ ‘मला गाजरं फारशी आवडत नाहीत.’ ह्यांनी प्रत्येक वाक्य फलाटावर गाडी लागल्यासारखं वाचलं. घसा दुखत होता, मध्ये मध्ये पाणी पीत होते. मी दाराशी बसून राहिले आणि एकदाही गप्प बसा म्हटलं नाही. शेवटचं वाक्य झालं तेव्हा खाली टॅक्सी येऊन हॉर्न वाजवत होती.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर मात्र ह्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. पाटीवर लिहायचे: पाणी, पंखा, पेपर. मीही विचारलं नाही, शब्द दिला होता ना, बटण तुमच्या हातात. पण घर इतकं शांत झालं होतं की मला माझीच बडबड ऐकू यायची आणि मी मध्येच थांबायचे.

मग एका सकाळी नेट गेलं. फोन लावला तर तिकडे तोच गोड मुलगा.

“मॅडम, राउटर एकदा बंद करून—”

“अरे मेल्या, केला! दोनदा केला! तुला दुसरं काही शिकवलंय की नाही?”

“अगं, गप्प बस जरा. मी बोलतो.”

मागून आलं ते. घोगरं नाही, खोकला नाही. भोंगाच. मी वळले. हे कॉम्प्युटरसमोर बसले होते, गळ्याला पट्टी, दोन बोटांनी टाइप करत. फोन इकडे आण, अशी खूण केली. मी नेऊन धरला.

“कृपया लक्ष द्या,” ह्यांचा आवाज म्हणाला. “राउटर बंद करून चालू केलेला आहे. आता माणूस पाठवा.”

“हो सर, लगेच पाठवतो,” मुलगा म्हणाला. माझं कधी ऐकलं नव्हतं मेल्यानं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला रडू फुटलं होतं, आणि बोलायलाही पुष्कळ होतं. पण सांगितलं होतं ना गप्प बस म्हणून. मी फोन तसाच धरून गप्प उभी राहिले.