डबा तापवायचा दिवस

लोथारला जुन्या रेल्वे डब्यांचं वेड, आणि त्याच्याशी लग्न करून पंचवीस वर्षांत शुभदा त्याच्या फेराइनची, म्हणजे डबे जपणाऱ्या मंडळाची, अर्धी हमाल झाली होती. जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखजवळच्या शेडमध्ये इंग्लंडहून आणलेले तीन डबे उभे होते, व्हिक्टोरिया राणीच्या काळातले. आधी त्यांतून प्रवासी जायचे. डबे म्हातारे झाल्यावर कुणीतरी त्यांत पलंग आणि चुली बसवून समुद्रकाठी सुट्टीसाठी भाड्याने दिले. त्या फेरफारात खिडक्यांच्या काचा कायमच्या ठोकून बंद केल्या गेल्या. दाराला आतून कडी मुळातच नव्हती. काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि दाराची बाहेरची मूठ फिरवायची, अशी जुनी रीत. आता तीही गेली.

आज तिसरा डबा तापवायचा होता, कारण लाकडाला किडे लागले होते. दिवसभर आत गरम हवा सोडायची, की किडे खलास. आत जाणाऱ्याने नावाची पाटी दाराच्या खिळ्याला अडकवायची, हा मंडळाचा नियम. खिळा रिकामा होता. पायरीशी चपला पडल्या होत्या, त्या शुभदाने उचलून रॅकमध्ये लावल्या. पसारा दिसला की इथे टोमणे ऐकावे लागतात. तिने दार लावलं, लोथारने यंत्र सुरू केलं.

कॉफी ओतताना तिने विचारलं, बाबा कुठेत? तिचे वडील पंढरीनाथ नुकतेच पुण्याहून आले होते. लोथार म्हणाला, मघाशी डबे बघत होते.

रॅकमध्ये लावलेल्या त्या चपला तिला आठवल्या. दारात चपला म्हणजे आत माणूस, हे कळायला मराठी घरात वाढलेल्या बाईला पाटी कशाला हवी? यंत्र बंद कर, असं ओरडत ती धावली. मूठ तापली होती, घामेजला हात घसरत होता. आतून हाक नाही, थाप नाही. मीच मारलं त्यांना, असं तिला वाटलं.

लोथारने दार ओढलं. बाबा बाकावर ताठ बसले होते, चेहरा लालबुंद, सदरा चिंब, श्वास लागलेला. दोघांनी त्यांना धरून बाहेर आणलं, पाणी पाजलं.

"बाबा, दार का नाही वाजवलंत?"

ते ओशाळले. "जावईबापूंचं काम चाललं होतं. लेकीकडे पाहुणा आलेला माणूस मी, मध्येच कसं अडवायचं? म्हटलं, उघडतील आपणहून."

शुभदाची खरी भीती तेव्हा कुठे सुरू झाली. ते अजून दोन महिने तिच्याकडे राहणार होते, आणि छातीत दुखलं तरी सांगणार नव्हते.