जाळीआडचे डोळे

मी एक जाळी. खिडकीची नव्हे, खुराड्याचीही नव्हे. सॉफ्टबॉलच्या पंचाने तोंडावर बांधायची. आधीच सांगून टाकते, कारण बेंगळूरच्या आमच्या गल्लीत मला पाहून जो तो आपापलं काहीतरी ठरवायचा. अंबुबाई तर मला बैलाचं मुसकं म्हणायच्या. आपण आहोत तरी काय, हा घोळ माझ्याही डोक्यात बरीच वर्षं होता.

मला घडवलं शिवाप्पाने. छावणीच्या बाजारात तो जटक्याच्या, म्हणजे टांग्याच्या, घोड्यांचा साज शिवायचा. पंचावन्न सालच्या सुमाराला अंबुबाईंचे यजमान हंबीरराव माझं चित्र घेऊन त्याच्याकडे आले. त्याने ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "घोडा केवढा आहे, अण्णा?"

"घोडा नाही. मीच आहे."

शिवाप्पाने त्यांच्या तोंडाचं माप घेतलं. तार वाकवली, आतून कातड्याची गादी शिवली आणि मला त्यांच्या हातात देताना म्हणाला, "घाला बिनघोर. दगड आला तरी डोळ्याला काही व्हायचं नाही." ते वाक्य मी गाठीला बांधलं. डोळे राखायचे, एवढंच माझं काम.

हंबीरराव मूळचे क्रिकेटचे पंच. गल्लीतल्या मुली सॉफ्टबॉल खेळायला लागल्या, तेव्हा क्लबचे सेक्रेटरी विश्वासराव त्यांना म्हणाले, "खेळ तोच, अण्णा. स्वल्प वेगळा. सांभाळून घ्या." झालं, एवढंच त्यांचं शिक्षण.

आता यात एक गंमत होती. क्रिकेटमध्ये कुणी दाद मागितल्याशिवाय पंच बाद देत नाही. सॉफ्टबॉलमध्ये प्रत्येक चेंडूला पंचाने आपणहून बोलायचं असतं. जमिनीतल्या पांढऱ्या पाटीवरून, मारणारीच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीत चेंडू गेला तर 'स्ट्राइक', नाहीतर 'बॉल'. आमचे हंबीरराव मात्र कुणी विचारेपर्यंत गप्प उभे. मुलीही हुशार, त्या विचारायला शिकल्या. जिचा आवाज मोठा तिची स्ट्राइक. एखादा निकाल चुकला असं वाटलं की पुढचा उलट बाजूने देऊन ते हिशेब मिटवायचे. मॅचच्या आधी कॉफी गल्लीची, पंचही गल्लीचा. मला वाटायचं, असाच असेल नियम. मला कोण सांगणार?

पण खरी गोष्ट निराळीच होती, आणि ती फक्त मला ठाऊक होती. चेंडू जवळ आला की हंबीररावांचे डोळे मिटायचे. गच्च. बाहेरून कुणाला दिसायचं नाही, कारण मध्ये मी. आधी वाटलं, देवाचं नाव घेत असतील. मग वाटलं, माझ्यावर भरवसा नाही की काय? वाईट वाटायचं हो. ज्या डोळ्यांसाठी माझा जन्म, तेच ऐन वेळी बंद. आणि लोक काय म्हणायचे? "हंबीरराव म्हणजे चोख माणूस." आवाज खणखणीत होता ना.

पुढे मद्रासला शिकून आलेले सुधींद्र नावाचे व्यायामशिक्षक पंचांचा वर्ग घ्यायला आले. मैदानाकडेच्या झाडाखाली सगळे पंच बसले, माना डोलावल्या, बोंडे खाल्ले. कुणी विचारायची वाट बघू नका, घाई करू नका, एका चुकीची भरपाई दुसरीने करू नका, असं सुधींद्र सांगत होते. शेवटी ते म्हणाले, "काही जणांचे डोळे मिटतात. ते दुसऱ्याला दिसत नाही. ज्याचं त्याला माहीत." मी हंबीररावांच्या मांडीवर होते. त्यांनी मला हळूच पालथं घातलं. परीक्षेत सगळे पास झाले. नापास केलं तर रविवारी मॅच घेणार कोण?

त्या संध्याकाळी हंबीररावांनी मला तोंडावर चढवलं आणि अंगणात उभे राहून बायकोला म्हणाले, "लिंबू फेक माझ्यावर."

"लोणच्याची आहेत ती," अंबुबाई म्हणाल्या. पण फेकलं. मग रोजचंच झालं. एके दिवशी पिकलं लिंबू माझ्या तारेवर फुटलं आणि रस थेट त्यांच्या उघड्या डोळ्यात गेला. डोळा चोळत ते हसतच सुटले. "झोंबतंय आणि हसताय काय?" अंबुबाई वैतागल्या. मला मात्र त्या दिवशी शिवाप्पाची फार आठवण आली.

मग ती मॅच आली. जिंकेल त्या संघातल्या मुलींना राज्याच्या निवडीला बोलावणार होते. चेंडू टाकत होती सकवार, विश्वासरावांची मुलगी. आम्ही एका धावेने पुढे, पण तिन्ही बेसवर पाहुण्या मुली आणि शेवटचा डाव. तीन 'बॉल' झालेले. चौथा झाला तर मारणारीला पहिला बेस फुकट, बाकीच्या एकेक बेस पुढे, तिसरीवरची घरात, म्हणजे बरोबरी. सकवारने हात खालून फिरवून चेंडू टाकला. मारणारी हललीच नाही. मी आतल्या बाजूला पाहिलं, हंबीररावांचे डोळे टक्क उघडे होते. चेंडू पाटीच्या बाहेरून गेला, चांगला चार बोटं. आणि कुणी विचारायच्या आत ते म्हणाले, "बॉल."

त्यापुढे सकवारचे चेंडू भरकटायला लागले आणि मॅच गेली. "घरच्याच माणसाने घात केला," विश्वासराव सगळ्यांदेखत म्हणाले. चोख माणूस एका दिवसात आंधळा ठरला. मला तर काही कळेनासंच झालं. डोळे मिटलेले होते तेव्हा न्यायी, उघडले तर आंधळा? हा कुठला न्याय?

त्यांना परत कुणी बोलावलं नाही. अंबुबाई मला दुधाच्या पातेल्यावर ठेवायला लागल्या, मांजरासाठी. हंबीरराव मधूनच विचारायचे, "मला खरंच दिसलं होतं ना गं?" अंबुबाई म्हणायच्या, "मी काय तिथं होते?" मी तिथेच होते. पण जाळीला कोण विचारतो?

अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस सकवार दारात आली. आता ती शाळेत खेळ शिकवत होती आणि तिला पंच व्हायचं होतं. जाळी मागायला आली होती. उंबऱ्यातच थांबून म्हणाली, "अण्णा, तो बॉलच होता. हातातून सुटला तेव्हाच मला कळलं होतं. त्या दिवशी बोलायला हवं होतं."

हंबीरराव "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले, आणि मला पातेल्यावरून उचलून धोतराने पुसलं. माझ्या अंगावरचं किती वर्षांचं ओझं उतरलं म्हणून सांगू.

सकवारने मला बांधलं. हंबीरराव अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि त्यांनी लिंबू फेकलं. पोरीचे डोळे गच्च मिटले. झालं, पुन्हा पहिल्यापासून.

"मिटलेस ना?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"तुम्हाला तिथून कसं दिसलं?"

"दिसलं नाही. माहीत आहे."

अंबुबाईंनी लिंबांची टोपलीच बाहेर आणून ठेवली आणि लोणच्याचं नावही काढलं नाही. बाबांनो, मैदानावर पंचावर ओरडाल तेव्हा ओरडा, पण आधी कुणीतरी त्याच्या अंगणात जाऊन लिंबं फेका, एवढंच माझं मागणं.

ऊन कलेपर्यंत लिंबं येत राहिली. मग एक पिकलेलं लिंबू माझ्या तारेवर फुटलं.

"आई गं, डोळ्यात गेलं," सकवार म्हणाली.

हंबीरराव पायरीवर बसले आणि हसायला लागले.